देवाची वेळ आणि आपली वाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपरखैरण्यात आमच्या गच्चीवर दर एकादशीला संध्याकाळी हरिपाठ होतो. पंधरा-वीस माणसं, टाळ, आणि वाजवणारा आला तर पखवाज. मी साताऱ्याकडच्या माथाडी कामगाराची मुलगी, महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. बुवा नाही, कीर्तनकार नाही. तरीही प्रसादाच्या केळ्यांची सालं गोळा करताना कुणीतरी जिन्यापाशी चप्पल हातात घेऊन थांबतं आणि म्हणतं, "ताई, एक विचारू?" प्रश्न फिरून फिरून एकच असतो. एवढी वर्षं मागतोय, देव देत का नाही? म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. उत्तरं माझी आहेत, चुकली तर मंडळाला बोल लावू नका.

"देवाची वेळ" असं खरंच काही असतं का?

आपल्याकडे "वेळ यावी लागते" म्हणतात, "योग असावा लागतो" म्हणतात. "देवाची वेळ" हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते ठाण्याला, चरईत भाड्याने राहत होते तेव्हा. शेजारी नगरकडच्या ख्रिस्ती मावशी होत्या. त्यांनी मला अब्राहामाची गोष्ट सांगितली. देवाने वचन दिलं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, आणि इसहाक झाला तेव्हा शंभर. मधली पंचवीस वर्षं काही सोपी गेली नाहीत. साराला धीर धरवेना, तिने आपली दासी हागार नवऱ्याला दिली, तिला मुलगा झाला, आणि पुढे त्या मायलेकरांनाच घराबाहेर काढलं. मावशी म्हणायच्या, "वाट बघवेना यांना, आणि रानात गेली ती बिचारी दासी." त्याच बायबलात तेरावं स्तोत्र आहे, त्यात सुरुवातीलाच देवाला "कुठवर?" असं चार वेळा विचारलंय. म्हणजे ज्यांच्याकडून हा शब्द मी घेतला, त्यांनाही तो स्वस्तात मिळालेला नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर, असते देवाची वेळ. पण तिचं वेळापत्रक कुणाच्याही खिशात नाही. तारीख सांगणारा भेटला तर पाकीट सांभाळा.

देव आपल्याला इतकी वाट का पाहायला लावतो?

हा प्रश्न मी एकदा आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, विचारला होता. नाना तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलायचे, अंगठा उठवून पगार घ्यायचे, आणि वर्षातून एकदा पंढरपूरला जायचे. ते म्हणाले, "कोण कुणाची वाट बघतंय? तो उभा आहे. आपण घरी बसलोय."

विचार करा. पंढरपूरची सगळी गोष्टच वाट पाहण्याची आहे, पण उलटी. देव भक्ताच्या दारात आला. भक्त आईबापांचे पाय चेपत होता. त्याने मागे वळूनही न बघता वीट भिरकावली आणि म्हणाला, यावर उभा राहा, हातातलं काम झालं की येतो. देव राहिला उभा, अठ्ठावीस युगं झाली. देवाला ताटकळत ठेवल्याबद्दल पुंडलिकाला शाप मिळाला नाही. उलट आजही आधी पुंडलिकाचं दर्शन घ्यायचं, मग विठ्ठलाचं, अशी रीत आहे.

"का" याचं उत्तर या गोष्टीत नाही, हे मला माहीत आहे. पण वाट पाहणं म्हणजे देवाने आपल्याला टाकलं, असं निदान आपल्या पंढरीत तरी निघत नाही. वाट पाहणं हे तिथे देवाचंच काम आहे. आणि त्याला थांबवलं कशाने? म्हाताऱ्यांच्या सेवेने. तुमचं अडलेलं काम आणि घरातलं करायचं काम यांत दुसरं आधी आलं, तर त्यात देवाचा अपमान होत नाही.

चातुर्मासात तर देव झोपलेला असतो. मग आमची हाक पोचते का?

हे एका सातवीतल्या पोराने विचारलं होतं. मोठी माणसं हसली, मला मात्र प्रश्न आवडला. आषाढी ते कार्तिकी, चार महिने देव शेषावर निजलेला. आणि गंमत बघा, आपले सगळ्यात जास्त सणवार, सप्ताह, पारायणं याच चार महिन्यांत. देव झोपलाय म्हणून कुणी टाळ खाली ठेवत नाही.

त्यात कधी अधिक महिना मध्ये पडला की चाराचे पाच होतात. २०२३ साली श्रावण अधिक आला आणि देव महिनाभर जास्त झोपला. "दुष्काळात तेरावा महिना" ही म्हण याच महिन्यावरून आली. पण हा महिना येतो कशासाठी, ते शाळेत शिकवताना मला नीट कळलं. चंद्राचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५. दर वर्षी अकराएक दिवसांची तूट. ती साठत जाते आणि साधारण पावणेतीन वर्षांनी एक अख्खा महिना घालून हिशोब जुळवावा लागतो, नाहीतर दिवाळी सरकत सरकत भर पावसात येईल. म्हणजे ज्या महिन्याला आपण मेला, मलमास म्हणून नावं ठेवतो, लग्नं थांबवतो, मुहूर्त काढत नाही, त्याच्याच जिवावर बाकीचे बारा महिने जागेवर राहतात. लोकांनी त्याला पुरुषोत्तम मास हे नाव उगाच नाही दिलं.

पोराला मी एवढंच सांगितलं, की हाक मारत राहा, झोपेतही आईला पोराचं रडणं ऐकू येतं.

बिल्डरने सहा वर्षं ताबा दिलेला नाही. हीसुद्धा देवाची वेळ समजायची का?

नाही.

हे उत्तर मला जरा सविस्तर द्यायचं आहे, कारण नवी मुंबईत हा प्रश्न घरटी एक आहे. माणसाने माणसाला पाहायला लावलेली वाट देवाच्या नावावर खपवायची नाही. आमच्या मंडळातल्या एका जोडप्याने पनवेलच्या पुढे फ्लॅट घेतला. हप्ता चालू, भाडं चालू, आणि इमारत चौथ्या मजल्यावर थांबलेली. वहिनी दर एकादशीला पाणीही न पिता उपास करायच्या. मी म्हटलं, उपास करा, पण महारेराकडे, म्हणजे बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, तक्रारही करा. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे करारातल्या तारखेला ताबा दिला नाही तर व्याजासकट पैसे परत मागता येतात, किंवा घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. सरकारी दाखला अडला असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवांना मुदत घालून दिलेली असते आणि अपील करता येतं. माहिती अधिकारात तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे अर्ज लिहिणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आपल्याच परंपरेतलं सांगते. चोखोबा आयुष्यभर पंढरीच्या देवळाबाहेर उभे राहिले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कुसवाचं काम करताना भिंत कोसळून गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी बांधली, तीही दाराबाहेरच. चोखोबांच्या माणसांना आत जायला पुढे सहाशे वर्षं लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, १ तारखेपासून १० तारखेपर्यंत, तेव्हा दार उघडलं. आता सांगा, ती सहाशे वर्षं देवाची वेळ होती का? देव तर आत तयारच उभा होता. कडी माणसांनी लावलेली होती, काढलीही माणसाने.

आणि एवढं लांब कशाला जायचं? आपण ज्या जमिनीवर राहतो ती आगरी-कोळी लोकांची भातशेती, मिठागरं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला आली, जमिनी गेल्या, मोबदला तुटपुंजा. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. तेही लोक देवभोळेच होते, एकवीरेला जाणारे. पण आई बघून घेईल म्हणून घरी बसले नाहीत.

मग "ठेविले अनंते तैसेचि राहावे" याचं काय?

हे मला बहुतेक वेळा पोट भरलेली माणसं ऐकवतात. तुकोबांनी चित्तात समाधान असू द्या म्हटलंय, हातपाय बांधून बसा असं नाही म्हटलेलं. स्वतः तुकोबा दुष्काळात बायको-पोर गमावलेले, दिवाळं निघालेले. वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्या तेव्हा तेरा दिवस अन्नपाणी सोडून शिळेवर पडून राहिले, अशी परंपरा सांगते. देवाच्या दारात धरणं धरणाऱ्या माणसाच्या तोंडची ती ओळ आहे. स्वतःला समजवायला ती घ्या, दुसऱ्याला गप्प करायला घेऊ नका.

देवावर राग येतो. पाप लागेल का?

जनाबाईंनी विठ्ठलाला "विठ्या" म्हटलंय, "कारट्या" म्हटलंय, आणि तो त्यांच्या घरी दळायला बसला. तुम्ही खुशाल भांडा. भांडण घरच्या माणसाशीच होतं.

मुलीचं लग्न जमत नाही. पत्रिकेत मंगळ आहे. शांती करावी का?

घरच्यांच्या मनाला बरं वाटत असेल आणि दोन-चार हजारांत भागत असेल तर मी अडवणार नाही. कर्ज काढून, गावोगाव हिंडून, चार गुरुजींकडून चार शांती, याला माझा विरोध आहे. एकदा मुलीला विचारा, की तिला लग्न करायचंय का. आमच्या मंडळात एका घरी तीन वर्षं शांती चालू होत्या आणि मुलीचं घणसोलीतल्या एका मुलाशी पाच वर्षं जमलेलं होतं. वाट देव बघत होता, की कधी एकदा हे लोक तिला विचारतात.

बाळासाठी किती वर्षं थांबायचं?

देवाच्या भरवशावर डॉक्टरला टाळू नका. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करून घ्यावी, बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. आणि दोघांची, एकट्या सुनेची नव्हे. पुरुषाची तपासणी सगळ्यात सोपी असते आणि तीच सगळ्यात शेवटी होते, हे मी पाहिलंय, भोगलंयही. दत्तक घ्यायचं मनात असेल तर नोंदणी लवकर करा. ती कारा या सरकारी संस्थेच्या ऑनलाइन यादीतूनच होते, आणि लहान बाळासाठी तिथेही वर्षानुवर्षं थांबावं लागतं. कुणी "परस्पर बाळ मिळवून देतो" म्हणालं तर तो गुन्हा आहे.

"माझा नंबर लवकर लागू दे" अशी प्रार्थना करावी का?

हा प्रश्न विचारणारे काका किडनीच्या प्रतीक्षायादीत आहेत. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर वेळी चार तास. डावा हात सुयांसाठी, म्हणून जपाची माळ उजव्या हातात. ते म्हणाले, "ताई, माझा नंबर लागणं म्हणजे कुणाच्या तरी घरात त्या दिवशी आकांत. मी मागू तरी काय?"

मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. वाशीच्या पुलावरून आम्ही दोघं रिक्षाने परत येत होतो, खाडीला ओहोटी होती, सगळा चिखल दिसत होता. उत्तर त्यांनीच पुढच्या एकादशीला दिलं. म्हणाले, "मी आता नंबर मागत नाही. मागतो की ज्याच्या घरी तशी वेळ येईल, त्यांना त्या घटकेला कुणीतरी नीट समजावून सांगणारं भेटू दे." तेव्हापासून ते ज्याला त्याला अवयवदानाबद्दल सांगतात. मीही इथे सांगते. कार्ड भरलं असलं तरी शेवटी संमती नातेवाईकांची लागते, त्यामुळे इच्छा असेल तर ती आज जेवताना घरात बोलून ठेवा.

काका अजून यादीत आहेत.

वाट पाहत असताना नेमकं करायचं काय?

नेम धरा, पण छोटा. एकशे आठ प्रदक्षिणांचा संकल्प पाचव्या दिवशी मोडतो आणि मग अपराधी वाटतं ते वेगळंच. रोज हरिपाठाचा एक अभंग पुरे. लोकलमध्येही होतो, ठाणे-वाशी गाडीत ऐरोली ते कोपरखैरणे एवढ्यात होतो.

नवस शक्यतो बोलू नका. नवस म्हणजे देवाला दिलेली ऑर्डर, आणि मग आपण दारात डिलिव्हरीची वाट बघत बसतो.

ज्याची वाट पाहताय त्याच्याशी संबंध नसलेलं एखादं काम हाती घ्या. सावता माळी अरणला मळ्यातच राबले, पंढरपूरला गेले नाहीत असं सांगतात, आणि विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला. मी स्वतः माझ्या वाट पाहण्याच्या काळात घरकाम करणाऱ्या बायकांना सही शिकवायला लागले. देव मळ्यात आला की नाही ते सोडा, पण संध्याकाळचे दोन तास सुटायचे. ते दोन तास फार मोठे असतात.

स्वतःच ठरवायच्या तारखा मात्र स्वतः ठरवा. स्पर्धा परीक्षा किती वर्षं द्यायची, उपचारांवर किती खर्च करायचा, हे आधी घरात बसून कागदावर लिहा. हा आकडा देवाने द्यावा अशी अपेक्षा धरली की माणूस चाळिशीपर्यंत अभ्यासिकेत बसतो.

रात्र रात्र झोप लागत नाही. कधी कधी वाटतं, संपवावं सगळं.

मग आधी डॉक्टर, हरिपाठ नंतर. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आत्ताच लावा. आणि मग माझं दार वाजवा, कितीही वाजले असले तरी.

दुसरं कुणी वाट पाहत असेल तर त्याला काय म्हणावं?

"देवाच्या मनात असेल तेव्हा होईल" हे वाक्य खरं असलं तरी दुसऱ्याने म्हटलं की टोचतं. "गोड बातमी कधी?" तर कुणीच कुणाला विचारू नये. आमच्या हळदीकुंकवाला मी गेली काही वर्षं ओटी भरायच्या आधी कोण लेकुरवाळी, कोण विधवा हे बघणं बंद केलंय. सगळ्यांची भरते. पहिल्या वर्षी दोघी उठून गेल्या. दुसऱ्या वर्षी परत आल्या.

म्हणायचंच असेल तर "उद्या दवाखान्यात मी येऊ का सोबत?" म्हणा. डबा द्या. रांगेत अर्धा तास त्यांच्या जागी उभं राहा.

आणि जे मागितलं ते शेवटपर्यंत मिळालंच नाही तर?

मला मूल झालं नाही. आठ वर्षं उपचार, ठाण्याचा कोपिनेश्वर, दर सोमवार, सगळं केलं. नवव्या वर्षी आम्ही दोघांनी थांबायचं ठरवलं. लोक म्हणतात, देवाने तुम्हाला शाळेतली हजार मुलं दिली. मी हसते, पण ते खरं नाही. हजार मुलं संध्याकाळी आपापल्या आईकडे जायची. देवाने एक दार लावलं की दुसरं उघडतो असंही मी म्हणणार नाही. माझं लागलेलं दार लागलेलंच आहे, आणि मी अजून हरिपाठाला बसते. का, ते नीट सांगता येत नाही. एक प्रसंग मात्र सांगता येतो.

नाना गेल्यानंतरच्या आषाढीला मी आईला घेऊन पंढरपूरला गेले. दर्शनाची रांग कुठल्या कुठे गेलेली. कुणी म्हणे वीस तास, कुणी म्हणे तीस. आईचे गुडघे तिला तासभर उभं राहू देत नव्हते. आम्ही चंद्रभागेत पाय बुडवले, पुंडलिकाला हात जोडले, नामदेव पायरीपाशी आलो, आणि तिथून पुढे सरकताच येईना. मी म्हटलं, "आई, एवढ्या लांब आलो, आणि दर्शन नाहीच." आईने पदर डोक्यावर घेतला, मान वर करून कळसाकडे पाहिलं, बराच वेळ. ओठ हलत होते. मग चोखोबाच्या समाधीला हात लावून तोच हात माझ्या डोक्यावरून फिरवला आणि म्हणाली, "झालं की दर्शन. चल, पिशवी घे. पाचची एसटी मिळाली तर उजाडायच्या आत वाशीला पोचू, तुझ्या बाबांना सकाळचा चहा कोण देणार?"

नाना गेलेत हे ती त्या वर्षी मधूनमधून विसरायची. मी पिशवी घेतली.